पायाला चावणारे मासे

कारखान्यांनी नदीत घाण सोडू नये म्हणून गावोगाव सह्या गोळा करणारी ती मुलगी, संध्याकाळी आमच्या घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसते. मी बाजूला कपडे धुते.

"काकी, लहानपणी इथे बारीक मासे पायाला चावायचे. ते परत आले की माझं काम संपलं," असं ती रोज म्हणते. मी नुसती हसते.

काल ती कुजबुजली, "काकी, हलू नका. चावतायत."

मी वाकून पाहिलं. पाणी तळापर्यंत नितळ होतं, त्यात एकही मासा नव्हता. तेवढ्यात माझेही हात चुरचुरू लागले.

"बाय, पाय वर घे," मी म्हटलं.

"थांबा ना," ती हसत म्हणाली, "आत्ताच तर आलेत."