एसटीची पाटी

डोळ्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातलेले, दोघांच्याही पडद्याला सूज. त्यांची ही कितवी तरी खेप होती. माझं इंजेक्शन पहिलंच, आणि डोळ्यात सुई जाणार या विचारानं मी एकदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो.

ते त्यांनी पाहिलं असावं. "पहिल्यांदाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो. फार दुखतं का हो?"

"डोळा बधिर करतात. थोडा दाब जाणवतो, इतकंच. सुई तर दिसतही नाही. सगळी भीती या बाकावरच असते."

"तुम्हाला आता सवय झाली असेल."

"छे, आज सकाळी चहासुद्धा गेला नाही घशाखाली." त्या हसल्या. "पण मला बहिणीकडे एकटीनं जायचं असतं. एसटीची पाटी कुणाला वाचायला सांगायची नाही, असं ठरवलंय मी."

त्यांना बोलावलं, तशा पदर खोचून त्या आत गेल्या. धीर एकदा आला की पुरतो, असं मला वाटायचं. तसं नसावं. तो दर खेपेला नव्यानं गोळा करावा लागतो, आणि त्याला एखादा साधा हट्टही पुरतो.

डोळ्यावर पट्टी लावून त्या बाहेर आल्या. "जा आता," एवढंच म्हणाल्या.

आत टेबलावर निजलो. चेहऱ्यावर कापड आलं. 

"हलू नका, वर बघा," डॉक्टर म्हणाले.

मी वर पाहिलं.