एक नाक, दोन पासपोर्ट

आमच्या ऑफिसात किस्से एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे साठतात. रोज थोडे थोडे, कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस हवाच यायची बंद होते आणि कुणीतरी झाकण उघडतं! आज मी उघडलंय. बाहेर भट्टी पेटलीय, मस्कतच्या या अख्ख्या रुवी भागाचे एसी आजच बंद पडलेत, तक्रारी ऐकून ऐकून माझा कान गरम झालाय. चहा घेतलाय. बसा तुम्हीपण.

*

मी पुण्याची. इथे मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे, कुठला टेक्निशियन कुठल्या घरी जाणार ते ठरवते. पहिल्याच दिवशी दोन टेक्निशियन समोर उभे. एक कुलवंतपाजी, पगडीवाले, अमृतसरकडचे. दुसरे तारिकभाई, पाकिस्तानातले, फैसलाबादचे. नाक मात्र दोघांचं डिट्टो सेम!

"आम्ही भाऊ आहोत," तारिकभाई म्हणाले.

मी फिदीफिदी हसले. मला वाटलं, गल्फमधलं नेहमीचं भाई-भाई.

"हस, हस," पाजी म्हणाले. "व्हिसावाला पण हसला होता. मग त्याने आमची नाकं बघितली. मग नाही हसला."

खरं होतं यार! तारिकभाईंची दादी आणि पाजींचे आजोबा, म्हणजे बाबाजी, हे सख्खे बहीण-भाऊ. दोघंही शीख घरात जन्मलेले. फाळणीत घरच्यांनी गाव सोडलं आणि रस्त्यातल्या गर्दीत ही छोटी मुलगी मागे राहिली. एका मुसलमान कुटुंबाने तिला वाढवलं, नाव नवं, धर्म नवा, लग्नही तिथेच. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिचा व्हिडिओ नेटवर टाकला. बाबाजींच्या घरच्यांनी तो बघितला, आणि नाकावरून पत्ता लागला!

पण ना यांना पाकिस्तानचा व्हिसा, ना त्यांना भारताचा. शेवटी तारिकभाईंनी पाजींना आमच्याच कंपनीत चिकटवलं. आता दोघं एका खोलीत राहतात. दोन घरांना मिळून उभं राहायला जागा मिळाली, ती थेट ओमानमध्ये!

*

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी. या दोघांची स्टोरी त्यांना मीच समजावली. कागदावर नकाशा काढला, मधून फाळणीची रेघ मारली.

अर्बाबनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "हे काम किती दिवसांत केलं?"

"महिना-दीड महिन्यात, म्हणतात."

"आधी साइट बघून गेला होता का कुणी?"

"गावोगाव तर नाही फिरला, अर्बाब."

त्यांनी कागद मला परत दिला. "त्या कॉन्ट्रॅक्टरला पुन्हा काम देऊ नका!"

*

पाजी अमृतधारी, दीक्षा घेतलेले शीख आहेत. म्हणजे हलालचं मटण-चिकन त्यांना चालत नाही. आणि ओमानात हलालशिवाय दुसरं मिळतं कुठे? त्यामुळे हा सहा फुटी पंजाबी माणूस रोज दुपारी माझ्या डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी खातो. खाताना चेहरा असा, की बघवत नाही.

तारिकभाई शेजारी बसून तंगडी सोलत असतात. "फाळणीत लोकांची घरं गेली, शेतं गेली. याची कोंबडी गेली!"

आमचे स्टोअरकीपर इस्माईलचाचा रत्नागिरीचे. पथ्याची भाकरी मोडत म्हणाले, "माजी पन गेली. कोलेस्टेरॉलमदी. त्याचा कोन इतिहास लिवत नाय!"

*

दर शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा खोलीतून व्हिडिओ कॉल. एका मोबाइलवर दादी, दुसऱ्यावर बाबाजी, दोन्ही मोबाइल समोरासमोर उभे केलेले. मी कधीकधी चहाला जाते, म्हणून मला माहितीये. सगळं पंजाबीत चालतं, मी आपलं मराठीत सांगते.

म्हैस, गुडघे, गव्हाचा भाव, सगळं छान चालतं. मग दादी तिचा तो एकच प्रश्न काढते. "मला परत न्यायला कुणी का आलं नाही?"

झालं! बाबाजींचं कानाचं मशीन बरोब्बर तिथेच बंद पडतं.

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये! नेटवर्क गेलं वाटतं!"

आणि स्क्रीनवर त्यांच्या दाढीचा एकेक केस स्वच्छ दिसतोय!

"बहिरा नाहीये तो," दादी म्हणते. "भित्रा आहे." आधी आधी ती फोन आपटायची म्हणे. आता चिडतसुद्धा नाही. "असू दे. पुढच्या शुक्रवारी विचारीन," म्हणून औषध घ्यायला उठते. ते बघून मलाच थकायला होतं.

*

शेवटी ठरलं, दोघांना मस्कतलाच आणायचं. व्हिजिट व्हिसा, तिकिटं, व्हीलचेअर, सगळं! पहिल्यांदा दादी बाथरूममध्ये पडली. कॅन्सल. दुसऱ्यांदा तिकडे बॉर्डरवर पेटलं, विमानंच बंद.

त्या दिवसांत ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. चहावालासुद्धा कप ठेवून गुपचूप निघून जायचा. अशात पाजींच्या आईचा फोन, पाजींना नाही, तारिकभाईंना!

"बेटा, बाहेर पडू नकोस. दिवे लावू नका. पाणी भरून ठेव."

"चाची, मी मस्कतला आहे! लढाई तिकडे आहे!"

"ते मला नको सांगूस. आधी पाणी भर."

दहा मिनिटांनी तारिकभाईंच्या अम्मीचा फोन. पाजींना. सेम टू सेम!

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले तर बादल्या, पातेली, कुकर, सगळं काठोकाठ भरलेलं. मधे दोघं मांडी घालून बसलेले.

"हे काय?"

"आयांना नाही कसं म्हणायचं?" पाजी म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांच्या हातात कॅन्सल झालेली तिकिटं होती. मग नाही हसले.

*

आणि गेल्या हिवाळ्यात आले की हो! दोघंही!

भेट कुठे? तर माझ्या फ्लॅटवर. का? तर माझं स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी. बाबाजींना चालेल, दादीलाही चालेल. पुण्याच्या वरण-भाताचा असा मान आजवर कधी झाला नसेल!

आदल्या दिवशी फैसलाबादहून फोन, "धर्माचा विषय निघू देऊ नका." अमृतसरहून फोन, "धर्माचा विषय निघू देऊ नका." विषय निघालाच तर बदलायची ड्यूटी माझी. मी एसीबद्दल बोलायचं ठरवून ठेवलं होतं.

गरजच पडली नाही. दोघं सोफ्यावर एकमेकांचे हात धरून बसून राहिले. आम्ही तिघं उगाच ताटं पुसत होतो. जेवताना दादीने वाटी खाली ठेवली आणि विचारलंच. "मला परत न्यायला कुणी का आलं नाही?"

बाबाजी ताटात बघत राहिले.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय."

बस, एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, वरण चांगलंय."

दादीने तोंड फिरवलं. दुपारभर परत बोलली नाही. तारिकभाई किचनमध्ये येऊन म्हणाले, "खलास. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि वरण चांगलंय!" पाजी तर भिंतीला टेकून उभेच.

सूर्य मावळला, बाजूच्या मशिदीतून अजान आली. दादीने हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून नमाज पढली. मग तसबीह घेऊन मणी ओढत बसली. तेवढ्यात पलीकडे बाबाजी काठी टेकत उठले. त्यांच्याही संध्याकाळच्या पाठाची वेळ झाली होती. पाठ पुटपुटत झाला, मग हात जोडून, डोळे मिटून अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, सुरू.

"शेवटाकडे एक मागणं येतं," पाजी मला सांगायला लागले. त्यांना कुजबुजणं जमतच नाही, सगळ्या घराला ऐकू जातं. "फाळणीनंतर घातलेलं. गुरू नानकांचं जन्मस्थान, ननकाणा साहिब, पाकिस्तानात राहिलं ना. तर, हे देवा, आमच्यापासून तोडलेल्या त्या सगळ्या गुरुद्वारांचं आम्हाला परत दर्शन घडू दे."

बाबाजी नेमके त्याच मागण्यापाशी आले होते. आवाज एकदम चढला. ननकाणा साहिब म्हणाले, बाकीची गुरुधामं म्हणाले, आणि त्याच दमात पुढे, "आणि आमची सुरजीत."

तारिकभाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "दादीचं जुनं नाव! हे आज घातलं?"

"आज?" पाजी म्हणाले. "अरे, आमच्या घरात रोज असंच म्हणतात! मला लहानपणी वाटायचं, सुरजीत नावाचा एखादा गुरुद्वारा असेल. एकदा गावच्या गुरुद्वारात मी अरदास म्हटली, त्यात तेही म्हटलं. ग्रंथीजींनी माझा कान धरला. म्हणाले, हे कुठून आणलंस?"

हॉलमध्ये मण्यांचा आवाज थांबला होता. बाबाजींचे डोळे मिटलेलेच. त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली, आणखी मोठ्याने.

"ओरडतोस कशाला?" दादी म्हणाली. "इथेच तर बसलेय."