गार्डाचा डबा

घाटात मालगाड्या बघायला जाणाऱ्या हौशी लोकांचा मला राग येतो. इंजिन दिसलं, धूर दिसला, डोंगर दिसले, की त्यांचं बघून झालं. आमच्या घरात गाडी शेपटाकडून बघायची. माझे वडील मालगाडीचे गार्ड होते, आणि गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी.

लोणंदकडून घाट चढून येणारी गाडी आमच्या स्टेशनाजवळच्या क्वार्टरपाशी इतकी दमलेली असायची, की माणूस तिच्याबरोबर चालू शकेल. मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आली, तरी रुळांशेजारी जुन्या लाइनीचा बांध तसाच उरला होता. त्यावर उभी राहून आई चालत्या गाडीतल्या वडिलांच्या हातात भाकरीचं फडकं द्यायची. मालगाडीची ड्युटी कधी संपेल ते देवालाही ठाऊक नसायचं. आमच्याकडच्या सगळ्या गार्डांच्या बायका असंच करायच्या.

त्या दुपारी इंजिन गेलं. ड्रायव्हरने नेहमीसारखा हात केला. मालाने भरलेल्या वाघिणी गेल्या. आईने फडकं उंच धरलं, आणि पुढे नुसते रूळ. गाडी मधेच तुटली होती आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नव्हता. मागच्या वाघिणी वडिलांसकट उतारावरून उलट्या घरंगळत गेल्या होत्या. शेवटचा डबा नाही हे बघून स्टेशनमास्तर खालच्या स्टेशनला फोन करायला धावले. आई बांधावरच उभी. मी तिचा पदर ओढला, तर माझ्यावर खेकसली. मला वाटलं, संपलं, आता आपल्याला बाप नाही.

दिवस मावळताना वडील रुळांच्या कडेने चालत आले. खालच्या स्टेशनाच्या अगदी अलीकडे त्यांनी वाघिणी थांबवल्या होत्या. डब्यातल्या हातब्रेकचं चाक आवळून आवळून दोन्ही तळहात सोलून निघाले होते. भाकरी मोडता येईना, म्हणून आईने ती दुधात कुस्करून त्यांना भरवली. दोन घास दिले आणि तिचा हात थांबला.

"आवं, उडी का न्हाई टाकली?"

"खाली टेसनात पॅसेंजर हुबी हुती. गच्च भरल्याली."

"आन आमी?"



पुढे त्यांचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, चारचौघांत लोक त्यांना देवमाणूस म्हणायला लागले. त्या पॅसेंजरमधल्या सगळ्यांचं भलं होवो. पण मी आईच्या बाजूची आहे, आजही.