ओंडक्याऐवजी अडसर

माझ्या आईबापांच्या लग्नाला मी हजर होते, आणि पोटभर केकही खाल्ला होता. आमच्या खोऱ्यात तेव्हा याचं कुणाला नवल नव्हतं. माझ्यासारखी पोरं प्रत्येक गल्लीत दोन-चार असायचीच.

आई, रोझीना, ओढ्याच्या अलीकडच्या गावात लोकांचे कपडे धुवायची. बाबा, ट्राउगोट, पलीकडे टोपल्या विणायचे. ओढा एवढासा, पण अलीकडे एका ड्यूकचं राज्य आणि पलीकडे दुसऱ्याचं. लग्नाला गावच्या पंचांची परवानगी लागे. बाबांचे पंच म्हणाले, परक्या राज्यातली बाई आणलीस तर उद्या तुमची पोटं भरायची कुणी? आईच्या पंचांनी बाबांना तेच ऐकवलं, वर भिकारडाही म्हणाले. मग दर रविवारी आम्ही पुलावर भेटायचो आणि कठड्यावर बसून बटाट्याचे गोळे खायचो. पाठीशी सीमेचा पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी अडसर असायचा. मला त्याचा भारी राग यायचा.

पुढे लढाई झाली, अठराशे सदुसष्ट साली उत्तरेकडची जर्मन राज्यं एक झाली आणि लगेच कायदा आला की लग्नासाठी पंचांना विचारायचं कारण नाही. बाबा पूल ओलांडून धावत आले. आई म्हणाली, तारीख ठरव. पण राहायचं कुठे, असं विचारलं की ती धुणं उचलून ओढ्याकडे निघायची. बाबांचं घर तिला नाकारणाऱ्या गावात, हे मलाही कळत होतं. लग्नाच्या सकाळपर्यंत तिनं बोचकं बांधलं नव्हतं. लग्न होऊनही आम्ही पुलावरच भेटणार की काय, अशी मला धास्ती होती.

आमच्याकडे चर्चमधून बाहेर पडल्यावर नवराबायकोनं दुहाती करवतीनं ओंडका कापायचा असतो. दोन्ही गावच्या टवाळ पोरांनी ओंडक्याऐवजी पुलावरचा अडसरच उपटून आणला होता. लोक हसून हसून बेजार. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सैल सोडायचं, असं निम्मं लाकूड कापून झालं आणि आईनं हात थांबवला.

बाबा घामाघूम झाले होते. हळूच म्हणाले, "रोझी, मीच येतो तुझ्याकडे. म्हणू देत भिकारडा."

"काही नको," आई म्हणाली. "ज्यांनी मला नको म्हटलं ना, त्यांच्या दारावरून मला रोज पाणी न्यायचंय. ओढ आता."

बाबांनी ओढलं. अडसराचे दोन तुकडे झाले, आणि मी रडले, अगदी आनंदानं.

पुढे आयुष्यभर आई पंचप्रमुखाच्या दारासमोर बादल्या टेकवून दम खायची आणि त्याला गोड आवाजात नमस्कार करायची. विहीर आमच्या परसातही होती.