देवराम गुरुजींची धुतलेली गाडी

देवराम गुरुजी रिकाम्या रस्त्यावर वळतानाही हात दाखवतात. गाडीत बसलेले असताना नव्हे, पायी चालताना. आम्हा जव्हारकरांना त्याची सवय झाली आहे. नवीन माणूस मात्र थांबून बघतो, की मागून मिरवणूक वगैरे येतेय का.

अशा माणसाने गाडी घेतली, तेव्हा ती जुनी असली तरी तिचा विमा नवाकोरा होता, हे सांगायला नको. जव्हारपासून दाभोशाकडच्या पाड्यावरच्या शाळेपर्यंत गुरुजींनी उभा जन्म जीपने प्रवास केला होता. जीपने म्हणजे जीपच्या मागच्या पायरीवरून, एका हाताने कॅरियर आणि दुसऱ्या हाताने डबा धरून. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती पांढरी गाडी घेतली आणि पहिल्यांदा ते शाळेत बसून गेले. त्या दिवशी मुलांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, असं म्हणतात. गुरुजी नाकारतात. ते म्हणतात, पाऊण दिवस शाळा झाली.

गेल्या जुलैमध्ये ती गाडी बुडाली.

शाळेच्या अलीकडे ओहोळावर एक बसका पूल आहे. त्याला सगळे फरशी म्हणतात. पलीकडे नुसता चिखल, म्हणून गुरुजी गाडी अलीकडे उंबराखाली लावून पुढे चालत जात. त्या दिवशी दुपारी ओहोळाने फरशी गिळली, उंबराचा बुंधा गिळला आणि गाडी उचलून सावकाश पाड्यावरच्या जिव्याच्या खाचरात नेऊन ठेवली. पलीकडून गुरुजी बघत होते. टप पाण्याखाली गेला तेव्हा, जिव्या सांगतो, गुरुजींनी टोपी काढली.

रात्र त्यांनी शाळेत काढली. सकाळी पाणी ओसरलं, तेव्हा गाडी भाताची आवणी चाललेल्या शेतात चिखलाचं ढेकूळ होऊन बसलेली होती. कुणीही आधी फोटो काढला असता. गुरुजींनी काढला नाही, कारण फोटो काढावा अशी विमा कंपनीची सूचना अजून आलेली नव्हती. सूचना घ्यायला ते टेकडीवर गेले, कारण पाड्यात रेंज मोहाच्या एका झाडाखालीच येते.

तिथे उभे राहून त्यांनी एक दाबलं, तीन दाबलं, परत एक दाबलं, गाणं ऐकलं. शेवटी फोनवर एक मुलगी आली.

"लँडमार्क बताइए सर."

"उंबराचं झाड."

"कोई मॉल, पेट्रोल पंप?"

"जव्हारला आहे पंप. पण गाडी इथे आहे."

बऱ्याच वेळाने तिने तक्रार नोंदवली आणि शेवटी बजावलं, "सर, गाडी को हाथ मत लगाइए. जैसी है वैसी रहने दीजिए. कीचड़ के साथ फोटो भेजिए."

गुरुजी ही सूचना मनात घोकत टेकडी उतरले. खाली आले आणि उभेच राहिले.

गाडी चमकत होती. जिव्याने आवणी थांबवून अख्खा पाडा गोळा केला होता. दोरखंड लावून गाडी बांधावर काढली होती. मग जिव्याची बायको पुतळी आणि तिच्या सोबतिणींनी ती आतून-बाहेरून धुतली होती. गाद्यांवरून फडकं फिरवलं होतं, काचा घासल्या होत्या. बॉनेटवर हळद-कुंकू होतं.

"हे काय केलंत?" गुरुजी म्हणाले.

"आंघोळ घातली, गुरजी," पुतळी म्हणाली. "पाण्यातून आलेली वस्तू तशीच ठेवायची नाय. घरातलं माणूस बुडून वाचलं तं तसंच ओलं बसवू का आपण?"

"आणि ढकलली पण लय," जिव्या म्हणाला. "सगळ्यांनी ढकलली. चावी फिरवून बघितली. नुसती खोकते."

गुरुजींनी फोटो काढला आणि परत टेकडी चढून पाठवला. उत्तर लगेच आलं. गाडी चांगल्या स्थितीत दिसत असून बुडाल्याचा पुरावा पाठवावा.

पुढचे दिवस गुरुजींचा मुक्काम शाळेत कमी आणि मोहाखाली जास्त. प्रत्येक वेळी नवी मुलगी, आणि प्रत्येक नव्या मुलीला उंबर पहिल्यापासून समजावून सांगायचा. एकीने सांगितलं, सर्व्हेअर येऊन गेले आहेत. ते कुठे येऊन गेले, हे विचारल्यावर तिने गाणं लावलं. जव्हारला घरी त्यांच्या पत्नी ममताताई मोखाड्याच्या ऑफिसातून दमून यायच्या आणि विचारायच्या, "आज काय म्हणाले?" गुरुजी म्हणायचे, "आज गाणं बदललंय."

चिडायचं कसं, हे गुरुजींना येत नाही. फार संताप झाला की ते समोरच्याला "महाशय" म्हणतात. त्या महिन्यात त्यांनी जीपवाल्यालाही महाशय म्हटलं.

अखेर सर्व्हेअर साहेबांचा फोन आला, की उद्या येतो, पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची चिखलरेषा मला दिसली पाहिजे. गुरुजींनी हे जिव्याला सांगितलं, ते केवळ मन मोकळं करायला. रेषा तर धुऊन गेली, म्हणाले, आता काय दाखवू.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना घेऊन पाड्यावर पोचले, तर गाडीला चिखल होता. सगळीकडे होता. दारांना, छताला, आतल्या पत्र्यालाही. आणि एकसारखा, चार बोटांच्या गोलाकार फटकाऱ्यांनी, कडा नीट मारून. पुतळीच्या घराची भिंत असते तसा.

साहेब गाडीभोवती फिरले. मग खाली वाकून त्यांनी बोटांच्या ठशांत आपली बोटं ठेवून बघितली.

"सर, हा पुराचा चिखल?"

इथे दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता.

"नाही," गुरुजी म्हणाले. "पुराचा धुतला. हा नंतरचा आहे."

"त्याच ओव्हळाचा हाय," पुतळी मधेच म्हणाली. "चाळून लावला. खडा लागायचा नाय हाताला."

साहेब लिहून गेले. आठवड्याने पत्र आलं, की गाडीवर चिखल मागाहून लावल्याचं आढळल्याने दावा संशयास्पद आहे.

संशयास्पद. गुरुजींनी तो शब्द कितीतरी वेळा वाचला. गाडी बुडाल्याचं दुःख त्यांनी टोपी काढून सहन केलं होतं. जीपची पायरीही परत धरली होती. पण मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाला कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात बसून कुणीतरी खोटा म्हणतंय, हे त्यांना गिळवेना. शाळेत पाढे म्हणून घेताना ते मधेच थांबत आणि खिडकीतून त्या गाडीकडे बघत बसत. पैसे नकोत, असंही ते एकदा ममताताईंना म्हणाले. ममताताई म्हणाल्या, पैसे हवेत. पण तुम्ही खोटे नव्हतात, हेही कंपनीने मान्य करायला हवं.

मग परत टेकडी, परत उंबर, आणि शेवटी फेरतपासणी. साहेब तेच. गुरुजींनी या वेळी पाड्यात ताकीद दिली होती, की गाडीला कुणी बोटही लावायचं नाही. पावसाने सारवण अर्धंमुर्धं उतरून गाडी आता कुठलीच दिसत नव्हती, ना धुतलेली ना बुडालेली.

"सर, मलाही वर उत्तर द्यावं लागतं," साहेब म्हणाले. "पाणी टपापर्यंत होतं, हे मी कशावरून लिहू?"

"माझ्यावरून," गुरुजी म्हणाले.

"तसं चालत नाही."

"महाशय," गुरुजी म्हणाले, आणि जिव्या दोन पावलं मागे सरकला. "आपण आत बसा. चालू करून बघा. चालली तर घेऊन जा."

साहेब बसले. गादीतून फस्स करून पाणी निघालं आणि साहेबांच्या विजारीत गेलं. त्यांनी डोळे मिटले, वैतागून मान मागे टाकली, डोळे उघडले आणि तसेच राहिले.

छताला आतला दिवा असतो ना छोटा, त्याच्या काचेच्या वाटीत गढूळ पाणी होतं. तळाशी गाळ, आणि गाळात करंगळीच्या पेराएवढा एक मेलेला मासा.

साहेबांनी मोबाइल काढला. फोटो काढला, झूम केला, परत काढला.

पुतळी आत डोकावली. तिचा चेहरा पडला. "तेवढंच राहिलं बघा," ती साहेबांना म्हणाली. "हात पोचला नाय. गुरजींना काय बोलू नका."

साहेबांनी विजार पिळली आणि म्हणाले, "बरं झालं नाही पोचला." मग गुरुजींकडे वळून, "माझं चुकलं, सर." गुरुजींनी नुसती मान हलवली, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा त्यांना खरंच भूक लागली.

गाडी टोटल लॉस ठरली. म्हणजे दुरुस्त करण्यापेक्षा गेली असं समजणं कंपनीला स्वस्त पडतं. पत्रात लिहिलं होतं, की गाडी आहे त्या स्थितीत आमच्या माणसाच्या ताब्यात द्यावी. तारीख दोनदा बदलली. ट्रक एकदा चुकून सूर्यमाळला जाऊन आला. शेवटी लागला एकदाचा फरशीला.

गुरुजी शाळेतून धावत आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. गाडी पुन्हा लखलखत होती. नवं कुंकू, पुढे नारळ. त्यांनी दार उघडून वर बघितलं. दिवाही स्वच्छ.

"जाताना तरी घाण नको जायला," पुतळी म्हणाली. "स्टुलावर चढून पुसला."

ट्रकवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, पावती काढली आणि "गाडीची स्थिती" या रकान्यात लिहायला लागला, "उत्त..."

गुरुजींनी त्याचा हात धरला.

"महाशय," ते म्हणाले, "तिथे बुडालेली लिहा."