चेंबरजवळची खुर्ची

रविवारी सकाळी किरणच्या बाथरूमच्या जाळीतून वरच्या मजल्यांचं सगळं वर आलं. आधी साबणाचा फेस. मग केसांचे पुंजके, भाताची शितं. त्यामागून जे आलं त्याचं नाव त्याच्या बायकोने, माधुरीने, घेतलं नाही. तिने दार ओढलं आणि उंबऱ्याशी जुनी चादर कोंबली.

नाहूरच्या त्या चार मजली सोसायटीत किरण तळमजल्यावर राहतो. ड्रेनेजची लाईन तुंबली की सोळा घरांची घाण पहिली त्याच्याकडे. शुक्रवारपासून हेच चाललं होतं. लाईन साफ करणारी गाडी मंगळवारी येणार होती. शनिवारी एक प्लंबर आला. त्याने मागच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण उघडलं, एकमेकींना जोडायच्या लांब सळ्या आत घातल्या, आणि तोंडावर हात धरून पळाला. सळ्या तिथेच राहिल्या.

नऊ वाजता सेक्रेटरी अनिरुद्ध दारात आला. नाकाला रुमाल.

"किरण, यार, आबांना जरा बघायला सांग ना."

"काय बघायला?"

"चेंबर रे. म्हणजे... त्यांना सवय आहे ना."

दोन दिवस किरण त्या घाणीत अनवाणी उभा होता. आता तो दार अडवून उभा राहिला.

त्याचे वडील धोंडिराम एकोणिसाव्या वर्षी बार्शीकडून मुंबईत आले आणि चौतीस वर्षं गटारांत उतरले. कमरेला दोरी, अंगावर चड्डी. संध्याकाळी ते आधी चाळीच्या नळावर बसत. किरणची आई शांताबाई त्यांची पाठ घासलेटने चोळायची, मग साबणाने, मग पुन्हा घासलेटने. तरी रात्री उशीला वास यायचाच. किरण त्यांच्या शेजारी झोपायचा. नाक दाबून झोपायचा, आणि त्यांना ते कळायचं.

बँकेत नोकरी लागल्यावर त्याने त्यांच्याकडून वचन घेतलं. "आबा, यापुढे कुठल्याही झाकणाला हात लावायचा नाही." धोंडिरामांनी ते इतकं पाळलं की रस्त्यातल्या झाकणालाही ते वळसा घालून जात. शांताबाई गेल्यावर एकदा ते नासक्या दुधाचा चहा शांतपणे प्याले. तेव्हा घरात कळलं, त्यांना वासच येत नाही. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

"ते येणार नाहीत," किरण म्हणाला.

आतून धोंडिराम आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला.

"किरण, खुर्ची घे."

"आबा, वचन दिलंय तुम्ही."

"खुर्ची घे म्हटलं ना."

प्लास्टिकची लाल खुर्ची घेऊन किरण मागून निघाला. आबांनी बाही दुमडली तर सगळ्यांदेखत त्यांना ओढून घरी न्यायचं, हे त्याने ठरवलं होतं.

चेंबर काठोकाठ भरला होता. वर करड्या रंगाची साय, तिला बुडबुडे. एक झुरळ त्यावरून चालत गेलं, बुडालं नाही, इतकी ती घट्ट होती. धोंडिरामांनी दोन हात अंतरावर खुर्ची ठेवायला लावली. बसले. हात गुडघ्यांवर.

"घे सळी," ते अनिरुद्धला म्हणाले.

"कोण, मी?"

"सेक्रेटरी कोण आहे?"

"काका, आम्हाला नाही हो जमणार. सवय नाही."

"होईल की. तासाभरात होते."

वरच्या गॅलरीतून कोणीतरी फिसकन हसलं. अनिरुद्धने स्कूटरचे हातमोजे आणले, रेनकोट चढवला. सळी धरताना त्याने डोळे मिटले.

"डोळे उघड. उजवीकडे फिरव. डावीकडे फिरवलीस तर जोड सुटेल, मग हात घालावा लागेल."

तो घाईघाईने उजवीकडे फिरवू लागला. शिंतोडा ओठावर उडाला. तो वळून ओकला.

"ओकून घे. मग परत धर."

हळूहळू एकेक बाहेर आलं. गोठलेल्या तेलाचे पांढरे गोळे. पॅड, ओले टिश्यू, केस. शेवटी पिवळ्या फुलांच्या कापडाचा लांब बोळा. सगळ्यांनी वर पाहिलं. अनिरुद्धच्या खिडकीत त्याच फुलांचा पडदा होता. किरण मात्र आबांच्या हातांकडेच बघत होता. ते गुडघ्यांवरून हलले नव्हते.

मग मोठा गडगडाट झाला आणि पाणी एकदम खाली गेलं.

"उतरलं!" माधुरी आतून ओरडली.

"आतला पाईप बसलाय," धोंडिराम म्हणाले. "जुना, चिनीमातीचा आहे. खणून नवा टाका. नाहीतर महिन्यात परत हेच."

अनिरुद्ध जिन्याकडे निघाला. वरून त्याची बायको तेजल किंचाळली, "तसाच येऊ नकोस रे वर! आधी खाली धू!"

तो वॉचमनच्या नळावर उकिडवा बसला. हात धुतले, हुंगले. पुन्हा धुतले, पुन्हा हुंगले. तिसऱ्यांदा साबण लावताना त्याने मान वर केली. रडवेला झाला होता.

"काका, किती दिवस राहतो हो हा वास?"

धोंडिरामांनी खरंच आठवून पाहिलं.

"मला नाही रे सांगता येणार," ते म्हणाले. "शांता असती तर तिने सांगितलं असतं."

किरणला उत्तर माहीत होतं. त्याने खुर्ची उचलली आणि आबांच्या मागे घरात गेला.