दोन बोटं जास्त

शरणम्मा मावशी छातीला सोन्याचे पत्रे बांधून मशीनवर बसते, अशी बातमी नीलमनगरात आठ दिवस फिरत होती. नळावर केराबाई सांगायची, "पोरगं गेल्याचं पैसं मिळालं न्हवं का, त्याचं सोनं केलंय बाईनं. ब्यांकेवर इस्वास न्हाय. आंगावरच बांधून बसती की." मग पदर तोंडाशी, आवाज खाली, जसं काही सोन्यालाच ऐकू जाईल, "झोपताना बी काढत न्हाय म्हणं."

मी त्या घरात रोज जाते, म्हणून सांगते. सोनं नव्हतं. प्लायवुडची फळी होती, तिला वाळूची पिशवी बांधून बरोबर तीन किलो केलेली. एक पुढं, एक मागं. झोपताना मावशी ती काढायची. आणि ती घालून बसायची माझ्या थोरल्या भावासाठी, जोतीदादासाठी.

मावशीचं घर आमच्या भिंतीला लागून. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी, गल्लीत मराठी, चिडली की दोन्ही एकदम. शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली, आणि घरी येऊन पुन्हा शिलाई. जूनमध्ये आया पोरांना दंडाला धरून आणायच्या आणि प्रत्येकीचं एकच, "दोन वरसं तरी गेलं पायजे बगा." मावशी मापात दोन बोटं जास्त धरायची. न सांगताच. "पोर वाढतंय, कापड वाढत न्हाय," म्हणायची. माझा पाचवीतला स्कर्ट सातवीत नीट बसला. तोवर मी तो पिन लावून सांभाळला.

तिचा एकुलता मुलगा शिवूदादा. एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर गार्ड होता. कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारायचा, "यव्वा, ऊटा आतेन?" म्हणजे आई, जेवलीस का. त्यातला 'ते' तो असा ताणायचा की भूक त्यालाच लागली आहे हे कळावं. मी तो आवाज हुबेहूब काढायचे. मावशी तवा चुलीवर ठेवायची, मग दारात मला बघून फूटपट्टी घेऊन मागं लागायची.

गेल्या वर्षी मंद्रूपच्या पुढं लुटारूंनी ती गाडी अडवून गोळ्या झाडल्या. शिवूदादाच्या अंगात बुलेटप्रूफ जाकीट होतं, कंपनीनं दिलेली गोळी अडवणारी प्लेट आत होती, तरी तो गेला. जाकीट घरी आलं तेव्हा प्लेटीवर ओरखडासुद्धा नव्हता. गल्ली म्हणाली, नशीब. मावशीनं घरची शिलाई बंद केली. मी तो आवाज काढायचा बंद केला.

यंदा मार्चमध्ये जोतीदादाला तसल्याच गाडीवर नोकरी लागली. आई दोन दिवस जेवली नाही. दादाच्या कंपनीत जाकिटं कमी, पाळीपाळीनं घालायची. स्वतःचं आणलं तर चालेल म्हणाले. दादानं मोबाईलवरून काळंकुट्ट एक मागवलं, पुढं-मागं प्लेट ठेवायचे मोठे खिसे असलेलं, आणि ते घालून गल्लीतून असा चालला की कोंबड्या बाजूला झाल्या. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"काय रे हे?"

"प्लेट कॅरिअर, मावशी. फ्री साइज."

"फ्री साइज म्हंजे कुणाचं माप?"

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच न्हाय." तिनं खिशात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. "हितं भाकरीची दुरडी बसंल. प्लेट कुटं हाय?"

"ती पगार झाल्यावर."

"पाय न बघता चप्पल घेतो काय रे तू? आदी प्लेट. मग तिच्या मापाची पिशवी." परत तांदळाकडं वळली, दोन खडे काढले, तिसरा तसाच धरून राहिली. "उद्या सुट्टी हाय मला. चल."

पोलिसांचे बूट, पट्टे, शिट्ट्या विकणाऱ्या श्रीमंतशेठच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. शेठ गिऱ्हाईक बघून नाही, छत बघून बोलतात. "टॉप क्वालिटी, मावशी. मिलिट्री ग्रेड. डोळे झाकून घ्या."

"डोळं उघडं ठेवून घेतेय. दाखवा."

पहिली प्लेट पोलादाची निघाली. मावशीनं ती दादाच्या हातात दिली. "हे धरून जिना चढ-उतर कर." तिसऱ्या फेरीला दादा पायरीवर बसला. "दिवसभर हे पेलंना झालं की काढून ठेवशील," मावशी म्हणाली. "आन् लोखंडावर गोळी फुटती. तिचं तुकडं वर गळ्याकडं उडत्यात."

शेठनी छतावरून नजर खाली आणली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरीसभर तेच इचारत फिरतेय, शेठ. दुसरं दाखवा."

दुसरी सिरॅमिकची, हलकी. मागच्या चिठ्ठीवरचं इंग्रजी मावशीनं मला वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं की मागं मऊ पॅनल असेल तरच ही प्लेट गोळी अडवते.

"म्हंजे ही एकटी पुरत न्हाय."

"तसं लिहितात हो, मावशी."

"लिवलंय ना? मग ते मऊ पॅनल द्या सोबत."

ते नव्हतं. मग शेठ आत जाऊन खोका फोडून तिसरी जोडी घेऊन आले. एकटी चालणारी, तारीख ताजी, कुठली गोळी अडवते ते छापलेलं, आणि गोळीकडची बाजू कुठली तेही. मावशीनं दुकानातच टेप काढली. दादाच्या गळ्याच्या खळगीपासून खाली मोजलं, छातीवरून आडवं मोजलं. "मधली द्या."

"मोठी घ्या की," शेठ म्हणाले. "जास्त झाकेल. जास्तीचं कधी वाया जात नाही."

टेप तिच्या हातात तशीच राहिली. इतका वेळ की शेठनी पंखा वाढवला.

"मापाची द्या," ती म्हणाली, आणि पैसे तिनंच मोजले.

रिक्षात दोन्ही प्लेटा तिनं मांडीवर धरल्या. दादा घेऊ लागला तर हात बाजूला सारला. "पडली तर आतनं तडकती. वरनं धड दिसती. कळत बी न्हाय."

घरी आल्यावर तिनं मशीनवरचं कापड काढलं. वर्षानं. फ्री साइजवालं उसवून, प्लेट कापडावर ठेवून खडूनं आखलं आणि खिसा इतका नेमका शिवला की प्लेट आत सरकवायला दोघं लागले. मग त्याच मापाची फळी कापून घेतली, वाळू बांधली, आणि केराबाईचं ते सोनं सुरू झालं. मावशी ते घालून भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, जमिनीवरची सुई उचलायची, आणि प्रत्येक वेळी गळ्याच्या खळगीत बोट घालून बघायची की वरची कड तिथंच आहे का. कडेनं दोनदा जागा सोडली. दोनदा उसवलं.

नवव्या दिवशी दादाला बोलावलं आणि मला काळा दोरा आणायला पिटाळलं. मी आले तर दादा जाकीट घालून उभा, कोपऱ्यातली ट्रंक उघडी. भांडले असतील असं वाटलं मला. दादाचं तोंड उतरलं होतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, पट्टे सैल होतात ना याचे?"

"व्हय. काढा-घालायला लागतंच की."

"मग दादा दुसऱ्या दिवशी सैल करतोय बघ. एप्रिल हाय. त्याला बनियन बी टोचतं."

"न्हाय करायचा."

"लावतीस पैज?"

ती दोरा ओवत होती. "लाव. महिनाभर बघ. हरलीस तर मी सांगीन ते करायचं."

मी खुशीत होते. आमच्या दादाला मी सतरा वर्षं ओळखते. मी रोज संध्याकाळी त्याचा शर्ट तपासायचे. त्रेचाळीस डिग्रीत घाम वाळला की प्लेटीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उठायची. पहिल्या दिवशी ती गळ्याच्या खळगीत होती. दुसऱ्या दिवशी तिथंच. मे उजाडला तरी तिथंच, टेप लावून बघावी अशी.

"तुला गरम होत न्हाय व्हय?" मी शेवटी विचारलं.

दादा शर्ट बादलीत टाकत होता. मी दोरा आणायला गेले होते तेव्हा काय झालं, ते त्यानं आता सांगितलं. मावशीनं ट्रंकेतून शिवूदादाचं जाकीट काढलं आणि आधी ते त्याच्या अंगात घातलं. कंपनीकडून आलेलं कव्हर फाटकं होतं म्हणून तेही तिनंच शिवलेलं. पोरगं अजून अंग धरेल म्हणून, सवयीनं, दोन बोटं जास्त. त्या जास्तीच्या खिशात प्लेट तळाला बसली होती. "बोट घाल," मावशी दादाला म्हणाली. "प्लेटीच्या वर. किती बसली?"

"दोन," दादा म्हणाला.

"गोळी तितनं गेली." मग कव्हरच्या शिलाईवर हात फिरवत म्हणाली, "ते माझं हाय."

एवढं सांगून दादा बादलीतला शर्ट चोळायला लागला.

मी पैज हरले होते. दुसऱ्या दिवशी मावशीकडं गेले. ती ओट्याशी पाठमोरी, पीठ मळत होती.

"काय करू सांग."

तिनं हाताचं पीठ झटकलं. "दारात जा," म्हणाली. "शिवू कसा इचारायचा, तसं इचार. एकदाच."

मी दारात गेले. चप्पल काढली होती, ती परत घातली. आवाज निघेल की नाही, माहीत नव्हतं.

"यव्वा, ऊटा आतेन?"

तिनं मागं बघितलं नाही. तवा चुलीवर ठेवला.

"आगिल्ल," म्हणाली. अजून नाही. "बा." ये.